चिंकारे कमी कां झाले?



पुण्याहून सकाळच्या गाडीनें सोलापूरकडे निघालें, कीं उरुळी मागें पडल्यावर रुळांच्या दोन्ही बाजूंस ऊस दिसूं लागतो व दौंड येईपर्यंत तो फारसा संपत नाहीं. खिडकीपाशीं बसलेल्या प्रवाशास ही हिरवी शोभा पाहून आनंद होतो, आणि तो होणें योग्यच आहे. कारण ज्या मुलखानें पिढ्यान् पिढ्या दुष्काळ भोगला, त्याच्या दारीं उशिरां कां होईना, लक्ष्मी आली आहे. परंतु या हिरव्या पट्ट्यापासून कोस-दोन कोस बाजूस गेलें, म्हणजे जमीन चढूं लागते, माती विरळ होते, मुरूम उघडा पडतो आणि जुना माळ लागतो. त्या माळावर एक लहानसा प्राणी राहतो. त्याची वस्ती दिवसेंदिवस आटत चालली आहे. ती कां आटली याचा थोडा उलगडा करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

हा प्राणी म्हणजे चिंकारा. शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील खेड्यांत मिळून मीं तीस वर्षांहून अधिक काळ शिक्षकाचें काम केलें. आरंभीं आरंभीं, शाळेच्या वाटेवर चिंकारा दिसला नाहीं असा आठवडा क्वचितच जाई. निवृत्त होण्याच्या सुमारास मात्र, तो कोणास दिसला तर मुलें वर्गांत येऊन मोठी बातमी म्हणून सांगत. मी प्राणिशास्त्राचा पंडित नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपुरतेंच. पण एकच माळ तीस वर्षें पाहणाऱ्याच्या दृष्टीस कांहीं गोष्टी पडतात, आणि जाणत्यांनीं लिहिलेलें त्यांच्याशीं ताडून पाहिलें, म्हणजे त्या उमजूंही लागतात.

प्रथम या प्राण्याची ओळख करून देतों. बोलण्यांत आपण सर्वांना हरणेंच म्हणतों. पण सांबर व चितळ हीं खरीं हरणें, आणि काळवीट व चिंकारा हे कुरंग. हरणाच्या नराचीं शिंगें भरीव व फांद्या फुटलेलीं असतात आणि तीं गळून पुन्हां उगवतात. कुरंगाचीं शिंगें आंतून पोकळ, हाडाच्या खुंटावर बसलेलीं व जन्मभर टिकणारीं. चिंकारा खांद्याशीं दोन फुटांहून थोडासा उंच व वजनानें वीस-पंचवीस किलोचा. म्हणजे आपल्या शेळीएवढाच. रंग पिंगट, पोट पांढरें. नराच्या शिंगांवर वळीं असतात, मादीचीं शिंगें बारीक व आंखूड. काळवीट कळप करून सपाटीवर राहतो. चिंकारे दोघे-तिघे मिळून ओढ्या-ओघळींनीं तुटलेल्या खडकाळ माळावर राहतात. संशय आला, कीं चिंकारा पुढचा पाय आपटतो, शिंकल्यासारखा आवाज काढतो आणि उड्या घेत निघून जातो. बोरीचा व हिवराचा पाला, शेंगा, कोंवळें गवत हा त्याचा आहार. जवळपास पाणी नसलें, तरी पाल्यांतील ओलाव्यावर व दंवावर तो पुष्कळ दिवस काढूं शकतो.

यावरून ध्यानांत येईल, कीं अवर्षणाच्या प्रदेशांतच तो वाढलेला व त्यासच सरावलेला आहे. मग जो दुष्काळांत टिकला, तो सुकाळांत कां कमी व्हावा? आपला प्रश्न हाच आहे.

या प्रश्नाचीं दोन तयार उत्तरें ऐकूं येतात. पहिलें उत्तर शिकारी. तें अगदींच खोटें नाहीं. एके काळीं बंदुकीनें, फासे लावून, रात्रीं दिव्याच्या झोतांत या प्राण्यांची शिकार होत असे. संस्थानांत शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटें धरवीत. कोल्हापूर त्या खेळासाठीं प्रसिद्ध होतें. परंतु १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे ज्यांना सर्वांत कडक संरक्षण आहे अशा प्राण्यांत, काळवीट व चिंकारा या दोघांचींही नांवें आहेत. चोरटी शिकार अजून होते. पण बंदूक घेऊन उजळ माथ्यानें माळावर जाण्याचे दिवस गेले. उघड शिकार थांबूनही प्राणी वाढला नाहीं, तर मूळ कारण दुसरीकडे शोधलें पाहिजे.

दुसरें उत्तर लांडगा. येथें दूरदेशींची एक हकीकत उपयोगी पडेल. अमेरिकेंतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानांत एल्क नांवाचें, आपल्या सांबराच्या कुळांतील, मोठें हरीण आहे. लांडगे तेथून नाहींसे झाले होते. ते १९९५ व १९९६ सालीं पुन्हां आणून सोडण्यांत आले. त्यापूर्वी उद्यानाच्या उत्तर भागांत सुमारें १९,००० एल्क होते. २०१३ च्या सुमारास ते चार हजारांच्या आसपास उतरले. साहजिकच पुष्कळांनीं लांडग्याकडे बोट दाखविलें. परंतु खोलांत शिरणाऱ्यांना आढळलें, कीं नुकतीं जन्मलेलीं पाडसें अस्वलेंही खात होतीं, अवर्षणामुळें चारा उणा पडला होता, आणि उद्यानाच्या हद्दीबाहेर माणसेंही शिकार करीत होतीं. लांडगा हें एक कारण होतें, एकमेव नव्हे. आपल्याकडे तर हें उत्तर याहूनही लंगडें पडतें. लांडगा व चिंकारा या माळावर आजचे शेजारी नाहींत. मनुष्यानें येथें नांगर धरला त्यापूर्वीपासूनचे आहेत. आणि मुख्य गोष्ट ही, कीं आपल्याकडील लांडगाही कमी झाला आहे. तो आतां बहुतांशीं शेळ्या-मेंढ्यांवर गुजराण करतो. खाणारा व खाल्ला जाणारा हे दोघेही एकदम कमी होऊं लागले, म्हणजे एकानें दुसऱ्यास संपविलें असें म्हणतां येत नाहीं. दोघांच्याही पायांखालची जमीन निघून गेली, असेंच म्हणावें लागतें.

तेव्हां आतां त्या जमिनीकडे वळूं. पावसाचे ढग सह्याद्रीस अडतात. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. शिरूर-दौंडास सुमारें पांचशें, म्हणजे वीस इंच. एवढ्या पावसावर, मुरमाड जमिनींत, घनदाट जंगल होत नाहीं. तेथें गवत होतें: मारवेल, पवना, कुसळी, आणि त्यांत दूर दूर अंतरावर बोर, हिवर, बाभूळ, तरवड. ही तोडून ओस पाडलेल्या जंगलाची दुर्दशा आहे, असें आपल्यापैकीं पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. माळ हाच त्या भूमीचा स्वभाव आहे, आणि खोकड, लांडगा, चंडोल, धाविक, चिंकारा हे त्या स्वभावाशीं जुळवून घेतलेले तिचे रहिवासी आहेत.

पूर्वींची शेतीसुद्धां या रहिवाशांना परकी नव्हती. पावसाळ्यांत बाजरी, मटकी, हुलगा, हिवाळ्यांत ज्वारी. पिकें निघालीं, कीं उरलेले कित्येक महिने शिवार मोकळें. बांध रुंद व गवताळ असत. चिंकाऱ्याच्या दृष्टीनें माळ व शेत यांमध्यें कुंपण असें नव्हतेंच.

पुढें पाणी आलें. खडकवासल्याच्या कालव्याचें पाणी दौंडास व तेथून इंदापुराकडे गेलें. घोड नदीवर चिंचणीस धरण झालें. चासकमानचा कालवा शिरूर तालुक्यांत उतरला. विहिरी खोल गेल्या, मागाहून विंधनविहिरी आल्या. पाटस, न्हावरें येथें साखरेचे कारखाने उभे राहिले. ऊस शेतांत बारा ते अठरा महिने उभा असतो व पुरुषभर उंचीच्याही वर जातो. आतां पाहा, चिंकाऱ्याचा सारा बचाव डोळ्यांवर व पायांवर. दुरून धोका पाहावा आणि मोकळ्यावर धूम ठोकावी, एवढेंच त्याचें शस्त्र. उंच उसांत त्यास दिसतही नाहीं व पळतांही येत नाहीं. उलट, दबून बसणाऱ्या बिबट्यास तोच ऊस घरासारखा झाला. हें शिरूर-जुन्नरकडच्या लोकांस सांगावयास नको. उसाच्या जोडीस डाळिंबाच्या बागा व त्यांस तारेचीं कुंपणें आलीं. रांजणगांव व कुरकुंभ येथें औद्योगिक वसाहती झाल्या. सोलापूरचा रस्ता रुंद झाला.

हें सर्व वाईट झालें, असें मी म्हणत नाहीं. माझ्या पहिल्या वर्गांतील कित्येक मुलें सकाळीं उपाशीं येत. त्यांच्याच मुलांना पुढें मीं डबे घेऊन येतांना पाहिलें. हा फरक कालव्यानें केला. शेतकऱ्यानें ऊस लावूं नये, चिंकाऱ्यासाठीं जिराईत करावें, असें सांगण्याचा अधिकार शहरांत बसून साखरेचा चहा पिणाऱ्या कोणासही नाहीं.

पण ज्या माळाला कधीं नांगर लागला नाहीं, जो सरकारचा किंवा गांवाचा म्हणून राहिला, त्या गायरानांत व वनखात्याच्या जमिनींत तरी चिंकारा टिकावयास हवा होता. तेथूनही तो कां गेला? येथें मला माझीच गोष्ट सांगावी लागते.

आमच्या शाळेमागें गांवचें गायरान होतें. सात-बाराच्या उताऱ्यांत न पिकणाऱ्या जमिनीला पोटखराबा म्हणतात; बोलण्यांत आपण अशा सर्व जमिनींना पडीक म्हणतों. १९८५ सालीं केंद्र सरकारनें अशा जमिनींच्या सुधारणेसाठीं राष्ट्रीय मंडळ स्थापन केलें, आणि पडीक जमीन हिरवी करणें हें देशकार्य मानलें जाऊं लागलें. मीही तसेंच मानीत होतों. ओळीनें कित्येक पावसाळे मीं मुलांना घेऊन त्या गायरानांत खड्डे खणले. गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी, जीं रोपें मिळालीं तीं लावलीं. उतारावर सलग समतल चर खणले गेले. मुलांनीं उन्हाळ्यांत घागरींनीं पाणी घातलें. आमच्या शाळेस बक्षीस मिळालें. तो दिवस माझ्या नोकरींतील अभिमानाच्या दिवसांपैकीं एक होता.

सहा-सात वर्षांत गायरान हिरवें दिसूं लागलें. सावलींत मारवेल व पवना विरळ झाले. चरांच्या बाजूस उकरलेल्या मुरमावर गवताऐवजीं तण माजलें. सकाळच्या उन्हांत जेथें दोन-तीन चिंकारे हमखास दिसत, तेथें ते दिसेनासे झाले. त्या वाटेनें मेंढरें घेऊन दरवर्षीं येणारा एक म्हातारा धनगर मला म्हणाला, "गुरुजी, तुम्ही रान केलंत खरं, पण माळ मोडला की हो." मला त्या वेळीं राग आला. मेंढरांना चारा मिळेना म्हणून हा बोलतो, असें मीं मनाशीं ठरविलें. तो चाऱ्याविषयींच बोलत होता. पण मेंढीचा चारा व चिंकाऱ्याचा चारा एकच, हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

झाडें लावणें हें पुण्यच आहे. परंतु तें कोठें लावावें, यास महत्त्व आहे. झाड कार्बन धरून ठेवतें, असें आपण मुलांना शिकवितों. गवतही धरतें, फरक इतकाच, कीं तें तो आपल्या दाट मुळ्यांतून जमिनीखालीं सांठवितें, म्हणून तो डोळ्यांस दिसत नाहीं. पडीक या एका शब्दानें आपली दृष्टि अशी बांधली, कीं भरलेलें घर आपण रिकामें समजलों आणि त्यांत दुसरें बिऱ्हाड आणून बसविलें.

आतां, जागा कमी झाल्यानें प्राणी कमी कसा होतो, हें नीट पाहूं. कारण तो काहीं एका दिवसांत मरून पडत नाहीं. चिंकाऱ्याची मादी साडेपांच महिन्यांनीं वितें व बहुधा एकच पाडस देते. पहिले कांहीं दिवस तें पाडस आईमागें धांवूं शकत नाहीं. आई त्यास गवतांत बसवून चरावयास जाते. आणि तें जमिनीशीं अंग चिकटवून निपचित पडून राहतें. उंच गवत हीच त्याची ढाल. माळ आंखूड झाला, म्हणजे पूर्वीइतकींच गुरें-मेंढरें लहान जागेंत चरतात व गवत मुळापर्यंत उतरतें. दोष मेंढपाळाचा नाहीं. तो पूर्वी माळामागून माळ फिरत असे, म्हणून चरलेल्या गवतास पुन्हां वाढण्यास सवड मिळे. आतां त्याच्याही वाटा बंद झाल्या आहेत. गवत उतरलें, कीं पाडस उघडें पडतें.

आणि तेथें कुत्रीं येतात. गांवाच्या, ढाब्यांच्या, कोंबड्यांच्या शेडांच्या कडेला टाकलेल्या उष्ट्या-खरकट्यावर व मेलेल्या कोंबड्यांवर मोकाट कुत्रीं पोसलीं जातात. लांडग्यास शिकार साधली नाहीं, तर तो उपाशी राहतो. म्हणून त्याची संख्या शिकारीच्या मानानें राहते. कुत्र्याचें तसें नाहीं. त्याचें पोट आपल्या उकिरड्यावर भरतें, आणि शिवाय तो टोळीनें माळ धुंडाळतो. चिंकारे कितीही कमी झाले, तरी कुत्रीं कमी होत नाहींत.

येथें पाटीवरचें एक गणित करूं. समजा, एका माळावर वीस चिंकारे आहेत व त्यांत दहा माद्या. वर्षाला दहा पाडसें झालीं. म्हातारपण, रोग, रस्त्यावरील मोटारी, कठडा नसलेल्या विहिरी यांमुळें मोठ्यांपैकीं वर्षाला चार गेले, असें धरा. दहांतून पांच पाडसें मोठीं झालीं, तर चार गेले व पांच आले, कळप टिकला. तींच दोन मोठीं झालीं, तर वर्षाला दोन उणे. दहा वर्षांत माळ रिकामा. यांत बंदुकीचा एकही बार झाला नाहीं, आणि कोणत्याही एका वर्षीं कोणास कांहीं विपरीत घडलें असें वाटलेंही नाहीं. आंकडे मीं समजण्यासाठीं घेतलेले आहेत, पण रीत हीच.

दुसरी अडचण बेटांची. पूर्वी एका माळावरचे चिंकारे संपले, तर शेजारच्या माळावरून दुसरे येत. आतां मध्यें ऊस, तार, रस्ता. दौंड तालुक्यांतील चौफुल्यावरून दक्षिणेस गेलें, कीं बारामती तालुक्यांत सुपें येथें मयूरेश्वर अभयारण्य लागतें. तें १९९७ सालीं झालें, क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर. तेथें आजही चिंकारे दिसतात. भीमेपलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें काळविटांसाठीं १९८० सालीं अभयारण्य झालें, क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर. माळ माळ म्हणून राखला, तर तेथचा प्राणी टिकतो, हें या दोन ठिकाणांनीं दाखविलें आहे. परंतु हीं अभयारण्यें फार लहान आहेत. एवढ्याशा जागेंत पिढ्यान् पिढ्या आपसांतच संतति होऊं लागली, कीं वंश दुर्बळ होतो; आणि एखादा साथीचा रोग आला, तर बाहेरून भर पडण्याची वाट नसते. शिरूर-दौंडांतील विखुरलेले माळ हे नदींतील दगडांसारखे आहेत. एकेकट्या दगडावर कोणी राहत नाहीं, पण ते काढून टाकले, तर पलीकडे जातां येत नाहीं.

मग करावें काय? माझ्या अल्प बुद्धीस चार गोष्टी सुचतात, व चारही अवघड नाहींत. माळावर झाडें लावण्याचा कार्यक्रम ठरविण्यापूर्वीं तेथें आधीं काय नांदतें तें पाहावें. रोपें लावावयाचीं, तर गांवठाणांत, रस्त्याकडेस, ओढ्याकांठीं, बांधांवर लावावीं, आणि तींही वड, लिंब, बाभूळ अशीं येथलींच. गायरानाचा कांहीं भाग आळीपाळीनें चराईस बंद ठेवावा आणि गवताचें बीं पडल्यानंतरच तें कापावें. त्यांत मेंढपाळाचाही लाभ आहे. मेलेल्या कोंबड्या व खरकटें उघड्यावर न टाकतां पुरावें, आणि मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचें काम शहरांप्रमाणें खेड्यांतही करावें. माळालगतच्या विहिरींस कठडे बांधावे. त्यांमुळें चिंकाऱ्याबरोबर आपलीं लेंकरेंही वांचतील.

आपणांपैकीं पुष्कळ जण शहरांत राहतां. पावसाळा आला, कीं एखाद्या संस्थेचें किंवा कचेरीचें बोलावणें येतें: रविवारीं अमुक गांवच्या उजाड माळावर वृक्षारोपण आहे, मुलांना घेऊन या. अवश्य जा. पण जाण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारा, कीं त्या माळावर आज कोण राहतें? हा प्रश्न मला वेळेवर सुचला नाहीं, म्हणून तो आपणांस सुचवितों.

आमच्या गायरानाचा उत्तरेकडील उतार फार खडकाळ आहे. कुदळ लागेना, म्हणून तेवढा लागवडींतून सुटला. गेल्या थंडींत मी सहज तिकडे गेलों होतों. गवत वाळून पिंवळें झालें होतें, आणि त्या गवतांत एक मादी व तिच्या मागें तिचें पाडस उभें होतें. मीं जागचें हालचाल केली नाहीं. तिनें पाय आपटला, शिंकली, आणि दोघेंही उतार चढून गेलीं. त्या उतारास कागदोपत्रीं आजही पडीकच म्हणतात.